हुपरीची एक मुलगी

आमचे आप्पा फोनवर बोलत नाहीत, ओरडतात. त्यात त्यांचा दोष नाही. हुपरीत आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच चांदीचा कारखाना, आणि तिथली तार ओढायची मोटर सुरू असली की शेजारी बसलेल्या माणसालासुद्धा 'चहा घेणार काय' हे खुणेनंच विचारावं लागतं. सगळा जन्म त्या आवाजात गेल्यामुळे मोटर बंद असली तरी आप्पांचा आवाज काही खाली येत नाही. शिवाय फोन कानाला लावणं त्यांना जमत नाही, कारण दोन्ही हात कामात असतात. स्पीकर लावायचा, फोन पुढ्यात ठेवायचा आणि पैंजणाच्या कड्या झाळत झाळत, म्हणजे डाग देऊन जोडत जोडत बोलायचं, ही त्यांची पद्धत.

मी कोल्हापुरात एम.एस्सी.ला आले आणि हा फोन रोज संध्याकाळी यायला लागला. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. कोल्हापुरात आता विद्यापीठं बरीच झालीत, ज्याला जे वाटायचं ते वाटू दे. फोन उचलला की पलीकडचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "हां, बोल की! हितं सगळी बसल्यात." सगळी म्हणजे खरोखरच सगळी. कड्या जोडायला येणाऱ्या गल्लीतल्या मावश्या, माल न्यायला आलेला व्यापाऱ्याचा माणूस, आणि दारात उभी राहून पदराला हात पुसणारी आई. मग आप्पा फर्मावायचे, "आज काय शिकीवलं, सांग ह्यास्नी." आणि मी वसतिगृहाच्या व्हरांड्यात उभी राहून हुपरीतल्या एका खोलीला भौतिकशास्त्र सांगायची. इलेक्ट्रॉन-बिलेक्ट्रॉन कानावर पडलं की मावश्या म्हणायच्या, "लई अवघड गं बया!" त्यावर आप्पा खूश होऊन खोकायचे. ते खूश झाले की खोकतात.

सांगायला काही होतं तोवर मलाही त्यात मजा वाटत होती.

गावाकडच्या कॉलेजात मी पहिली यायची. पहिली आले की गल्लीतलं मंडळ चौकात फ्लेक्स लावायचं. त्यावर माझा फोटो, आणि खाली मंडळाच्या पोरांचे माझ्यापेक्षा मोठे फोटो. इथं आल्यावर मात्र पहिल्याच सत्रात एका पेपरात नापास झाले. वर्गात सर फळा भरून लिहायचे, वळून एकदा आमच्याकडं बघायचे आणि पुसून टाकायचे. बाकीच्यांना ते कळत होतं की तेही माझ्यासारखेच मान हलवत होते, हे मला कधी समजलं नाही. विचारायची लाज वाटली म्हणून मागच्या बाकावर गेले, आणि मागच्या बाकावरून हळूहळू वर्गाबाहेर. संध्याकाळचा फोन मात्र चुकत नव्हता. मग मी बी.एस्सी.च्या पुस्तकातलं सांगायला लागले. मावश्यांना काय, तेही अवघडच वाटायचं.

आणि मग माझे हात गार पडायला लागले. नुसते गार नव्हेत, बोटं वाकायची नाहीत. छातीत धडधडायचं, तोंडाला कोरड पडायची. आप्पांच्या नंबराला मी जुन्या टेलिफोनची घंटी लावून ठेवली होती, चांगली खणखणीत, त्यांचा फोन चुकू नये म्हणून. ती घंटी वाजली की मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसायची आणि नळ सोडून द्यायची. घंटी थांबली, हात जरा ताळ्यावर आले की मग मीच फोन करायची, "आप्पा, लायब्ररीत होते." पलीकडून आवाज यायचा, "व्हय व्हय, अभ्यास आदी! सांग आता, सगळी बसल्यात."

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. आप्पा मला जन्मात कधी रागावलेले नाहीत. मी त्यांना घाबरत नव्हते, त्यांच्या आनंदाला घाबरत होते. तो खोकला ऐकला की मला वाटायचं, हे सगळं खोट्यावर उभं आहे आणि एक दिवस हा माणूस सगळ्या गल्लीसमोर तोंडावर पडणार आहे.

माझ्या खोलीत मलकापूरची एक मुलगी होती. बोलायला आडदांड, पण जिवाला जीव देणारी. एका सुट्टीत ती माझ्याबरोबर हुपरीला आली होती, आणि परत येताना एस.टी.त मागच्या कुणाचा तरी फोन वाजला. नेमकी तीच घंटी. माझा श्वासच अडकला. उठून उभी राहिले, बसले, परत उठले, खिडकीच्या गजाला डोकं लावून हुंदके द्यायला लागले. कंडक्टरनं गाडी थांबवली आणि ओरडला, "ओ पावणं, जरा बाजूला व्हा, पोरीला वारं लागू द्या!" आम्ही दोघी उसाच्या फडाशेजारी उतरलो. मी पित्त झालंय म्हणाले. तिनं बाटलीतलं पाणी माझ्या तोंडावर मारलं आणि म्हणाली, "ह्ये पित्त न्हवं. उद्या त्या समुपदेशनवाल्या मॅडमकडं जायाचं."

मी म्हणाले, "म्हणजे हात दाखवून अवलक्षण! तिथं गेलं की सगळ्यांना कळतं."

"आणि हितं रस्त्यावर बसून रडायल्यालीस, त्ये कुणाला कळंना झालंय व्हय?"

समुपदेशन केंद्र झेरॉक्सच्या दुकानाला लागून होतं. त्यामुळे तिथं जाण्याची एक रीतच पडून गेली होती. हातात एखादा कागद घ्यायचा, झेरॉक्सच्या रांगेत उभं राहायचं, ओळखीचं कुणी नाही बघून पटकन शेजारच्या दारात शिरायचं. त्या काळात मी माझ्या आधारकार्डाच्या इतक्या झेरॉक्स काढल्या की दुकानदाराला मी कर्जाच्या भानगडीत आहे असंच वाटलं असणार.

आत मॅडम होत्या. चाळिशीच्या आसपासच्या, माहेर कोडोलीकडचं. बसल्याबरोबर त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?" हुपरी म्हटल्यावर, "हुपरीत कुणाच्यातली?" आमच्याकडं हे विचारल्याशिवाय बोलणं पुढं सरकत नाही, त्यामुळं मला उलट बरंच वाटलं. मग त्यांनी साडी जराशी वर उचलून पायातलं पैंजण दाखवलं आणि म्हणाल्या, "लग्नातलं आहे. तुमच्याच गावचं." मी खाली वाकून बघितलं. काम खरंच चांगलं होतं. कुणाशी काही बोलायचं नाही असं ठरवून गेलेली मी, पैंजणाच्या कडीवरून बोलायला लागले ते तास संपेपर्यंत थांबले नाही.

सगळं सांगून झाल्यावर मी एकच गोष्ट मागितली. "मॅडम, हे आप्पांना कळायला नको. नापास झाल्याचं मी सांगेन कधीतरी माझी मीच. पण त्यांच्या फोनची घंटी वाजली की माझे हात गार पडतात, हे त्यांना कधीच कळायला नको. नाहीतर ते माझ्याशी बोलायचंच सोडतील."

मॅडमनी टेबलावरून हात पुढं करून माझा हात धरला. "इथलं इथंच राहतं. या दाराबाहेर गेलं तर नाव सांगणार नाही माझं."

मी विश्वास ठेवला. आणि का ठेवू नये? त्यांनी मला बरं केलं. हे मी आजही नाकबूल करत नाही. त्यांनी कसली जादू केली नाही, उपदेशही केला नाही. हात गार पडले की पाय जमिनीवर घट्ट रोवायचे, हाताला लागेल ती खरखरीत वस्तू धरायची आणि सावकाश श्वास सोडायचा, एवढं शिकवलं. दर आठवड्याला बोलावलं. मी कुठल्या दिवशी काय म्हणाले होते ते त्यांच्या बरोबर ध्यानात असायचं. आणि एकदा सहज म्हणाल्या, "फोन यायची वाट कशाला बघतेस? तूच कर. सगळी बसलेली नसतात अशा वेळी कर."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी, मोटर बंद करून मावश्या जेवायला घरी जातात त्या वेळी, मी फोन लावला.

"आं? ह्या येळंला? बरी हाईस न्हवं?"

"बरी आहे. सहज केला."

"आसं व्हय." आणि मग आप्पा हळू आवाजात बोलायला लागले. आप्पांना हळू आवाज आहे हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. म्हणाले, गुडघा दुखतोय, पण आईला सांगू नकोस, ती तेल घेऊन बसते. मांजरीनं भट्टीमागं पिल्लं घातलीत. नवीन नमुना आलाय, त्याची कडी इतकी बारीक हाय की डोळं फुटायची पाळी. मी ऐकत राहिले. माझे हात ऊन लागल्यासारखे कोमट होते.

मग ते दुपारचे फोन रोजचेच झाले, आणि त्यातल्याच एकात मी सांगून टाकलं, की नापास झालेय, आणि इतके महिने खोटं बोलतेय. आप्पांनी हातातलं काम खाली ठेवलेलं ऐकू आलं. मग म्हणाले, "मग परत द्याचा की पेपर. पैंजण बिगडलं तर आमी काय टाकून देतोय? वितळून परत करतोयच की." आणि लगेच पुढं, "मावश्यास्नी कशाला सांगाचं? झाकली मूठ. आपलं दोघांचं ऱ्हाऊ दे."

त्या दिवशी मी झेरॉक्सच्या रांगेत उभी न राहता सरळ मॅडमच्या खोलीत गेले आणि त्यांना हे सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. निघताना मी पुन्हा एकदा म्हणाले, "ते हातांचं मात्र मी आप्पांना सांगितलेलं नाही हं, मॅडम. आणि सांगणारही नाही." त्या म्हणाल्या, "वेडी आहेस का? मला काय कळत नाही?"

पेपर परत दिला, पास झाले. पुढचं वर्षही बरं गेलं. केंद्रात जाणं कमी होत होत थांबलं. मॅडम कॅन्टीनमध्ये भेटल्या की लांबूनच ओरडायच्या, "काय म्हणतायत आप्पा?" मी म्हणायची, "मजेत." मला त्या माझ्या माहेरच्या कुणीतरी वाटायला लागल्या होत्या.

मग शेवटच्या सत्रात त्यांचा फोन आला. केंद्राला नवी जागा मिळाली होती, झेरॉक्सच्या शेजारून सुटका झाली होती. उद्‌घाटनाला मोठे पाहुणे येणार होते आणि त्याच कार्यक्रमात काही विद्यार्थ्यांचा सत्कार ठेवला होता. त्यात माझं नाव होतं.

"कशाबद्दल सत्कार, मॅडम?"

"अगं, नापास होऊन पहिल्या वर्गात आलीस. आणखी काय पाहिजे? गुणवंत विद्यार्थिनी म्हणून."

कोल्हापुरात सत्काराला कारण फार विचारू नये. इथं माणूस निवडून आला तरी सत्कार, पडला तरी झुंज दिल्याबद्दल सत्कार, आणि सत्कार करणाऱ्यांचाही पुढच्या महिन्यात सत्कार. त्यामुळे मीही फार खोलात गेले नाही. एवढंच म्हणाले की आप्पांना त्रास नको, काम बंद पडतं त्यांचं. मॅडम हसल्या. "त्यांना मी कालच फोन केलाय. सत्कार म्हटल्यावर आई-वडील पाहिजेतच की."

आप्पांनी कारखाना बंद ठेवला. आमच्या कारखान्याला दिवाळी सोडली तर सुट्टी ठाऊक नाही. चौकात फ्लेक्स लागला, 'हार्दिक अभिनंदन' आणि माझा फोटो. कशाबद्दल ते मंडळाच्या पोरांनाही माहीत नव्हतं. आप्पा आणि आई, आणि हट्टानं आलेल्या मावश्या, अशी सगळी भाड्याच्या जीपमधून आली. आप्पांच्या हातात लाल मखमलीची छोटी डबी होती. परत पेपर द्यायला धीर देणाऱ्या मॅडम, एवढंच त्यांना माझ्याकडून ठाऊक होतं, आणि त्या मॅडमच्या मुलीसाठी त्यांनी स्वतः पैंजण केलं होतं, त्या बारीक कडीच्या नमुन्याचं. मला दाखवलं आणि म्हणाले, "डोळं फुटलं, पर झालं."

सभागृहाच्या दारात फेटे बांधायला माणूस बसवला होता. मला बांधला, इतर सत्कारमूर्तींना बांधला, आणि मग मॅडम म्हणाल्या, "आप्पांना पण बांधा." आप्पा नको नको म्हणत पुढं झाले. फेटा बांधून झाल्यावर त्यांनी काचेच्या दारात स्वतःला बघितलं आणि खोकले. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, आईशेजारी. मावश्या मागच्या रांगेत. आप्पांनी खिशातून फोन काढला, दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला आणि व्हिडिओ काढायला लागले. गल्लीत दाखवायला.

आम्ही सत्कारमूर्ती मंचावर मागं खुर्च्यांवर बसलो होतो. पाहुण्यांची भाषणं झाली, मग मॅडम उठल्या. केंद्राचं काम सांगितलं, मुलांनी लाजू नये, मनाचं दुखणं हेही दुखणंच, असं सगळं. चांगलं बोलत होत्या. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. आणि मग त्या म्हणाल्या, "मी नाव घेणार नाही. पण हुपरीची एक मुलगी माझ्याकडं आली होती."

मंचावर हुपरीची मी एकटीच होते. खाली बसलेले हुपरीचे लोक तर माझेच होते.

"ही मुलगी अशी घाबरलेली होती, की वडिलांच्या फोनची घंटी वाजली तरी हिचे हात गार पडायचे. बाथरूमला कडी लावून नळ सोडून बसायची. वडिलांचा फोन! प्रेमानं केलेला फोन! बसमध्ये दुसऱ्या कुणाचा तसा फोन वाजला तरी हिला रडू फुटायचं. आणि आज? आज ती फेटा बांधून माझ्यामागं बसलीय." त्या वळून माझ्याकडं बघून हसल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतल्या मावश्यांनीही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

मी फक्त आप्पांकडं बघत होते. त्यांनी फोन खाली घेतला नाही. दोन्ही हात तसेच वर, फोन माझ्या दिशेनं धरलेला, व्हिडिओ चालूच. त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता फेटा दिसत होता. माझा सत्कार झाला, शाल घातली, नारळ दिला, फोटो काढले. मी खाली उतरेपर्यंत त्यांनी फोन तसाच धरला होता. मग त्यांनी तो खिशात ठेवला, आणि खिशावर हात ठेवून बसले.

चहाच्या वेळी मॅडम लोकांच्या घोळक्यात होत्या. मी त्यांना बाजूला घेतलं.

"मॅडम, तुम्ही शब्द दिला होता."

"अगं, नाव कुठं घेतलं मी?"

"आप्पा पहिल्या रांगेत बसले होते. तुम्हीच बसवलं होतंत."

त्यांना खरंच कळेना की मी का चिडले आहे. हे मला आजपर्यंत पचलेलं नाही. त्या लबाडी करत असत्या तर मी त्यांना चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण त्या माझ्या फेट्याचा शेमला सारखा करत समजावायला लागल्या, "तू बरी झालीस ना आता? मग लपवायचं कशाला? ताप उतरला की माणूस सांगतोच की, लई ताप आला होता म्हणून. आपणच लाजलो तर बाकीच्या पोरी कशा येतील माझ्याकडं? आणि आप्पांना किती अभिमान वाटला असेल, बघ तरी."

दुखणं माझं होतं आणि ते कधी संपलं, ते कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, हे ठरवून टाकलं त्यांनी. कुस्ती जिंकलेल्या पैलवानाची मिरवणूक काढावी तशी माझी काढली. त्यांच्या लेखी मी जिंकले होते, मग गुपित कसलं उरलं? केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. वर शाल आणि नारळ. मी काहीतरी आणखी बोलणार होते, तेवढ्यात आप्पा आले.

त्यांनी मॅडमना हात जोडले. "लई उपकार झालं तुमचं. पोरीला माझ्या..." मग त्यांनी ती मखमली डबी पुढं केली. मॅडम म्हणाल्या, "अहो, कशाला, कशाला," आणि घेतली. उघडून बघितली, आणि सगळ्यांना दाखवली, "बघा, हुपरीची चांदी!" लोक वाकून बघायला लागले. आप्पा तोवर बाजूला जाऊन उभे राहिले होते. फेटा त्यांनी काढून काखेत धरला होता.

जीपपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेले. आई पुढं मावश्यांशी बोलत होती. तिला कितपत कळलं होतं मला माहीत नाही. आप्पा काखेतला फेटा सावरत चालत होते. मग विचारलं, आणि त्या दुपारच्या हळू आवाजातच विचारलं,

"मी लई मोठ्यानं बोलतो व्हय गं फोनवर?"

"नाही आप्पा. तसं नाही ते."

"न्हाय, ती मोटर आस्ती बग. सवय लागल्या."

"आप्पा, तुमचं काही नव्हतं त्यात. मीच..."

"व्हय व्हय," ते म्हणाले, आणि जीपमध्ये चढताना माझ्या डोक्यावर, फेट्यावरच, हात ठेवला. "जेवून घे टायमात."

त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुपारी मी केला तर आईनं उचलला. आप्पा कुठं आहेत विचारलं तर म्हणाली, कामात हायत. पाठीमागं मोटरचा आवाज नव्हता. पुढं मी घरी गेले तेव्हा बसून सगळं नीट सांगितलं त्यांना, जसं इथं सांगितलं तसं, की भीती तुमची नव्हती, माझ्या खोटेपणाची होती. ते कड्या झाळत ऐकत होते. मधेमधे 'व्हय' म्हणत होते. त्यांना पटलं का, मला कळलं नाही. सगळ्यांसमोर ऐकलेलं एकट्यात पुसता येत नाही, एवढं मात्र मला कळलं.

मॅडमशी मी पुन्हा बोलले नाही. सणासुदीला त्यांचे शुभेच्छांचे मेसेज येतात, फुलांचे. कार्यक्रमाचा फोटोही एकदा आला होता, 'अभिमान वाटतो' असं खाली लिहून. मी उत्तर दिलं नाही. मला राग येतो, आणि त्याहून जास्त राग याचा येतो की राग आला की मी पाय जमिनीवर रोवते, हाताला लागेल ते खरखरीत काही धरते आणि सावकाश श्वास सोडते. तेही त्यांनीच शिकवलेलं. ज्यांच्यामुळे उठून उभी राहिले, त्यांनीच पायाखालची सतरंजी ओढली. तक्रार करायला जाऊ कुणाकडं?

आता मी एका ज्युनियर कॉलेजात शिकवते, कोल्हापुरातच. मागं एक मुलगी वर्ग सुटल्यावर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, एक सांगायचंय, कुणाला सांगणार नाही ना?" मी तिला शहरातल्या एका डॉक्टरांकडं घेऊन गेले, जे मला ओळखत नाहीत आणि तिचं गावही विचारत नाहीत. बाहेर बाकावर बसून राहिले. परत येताना ती काही सांगायला लागली तर मी तिला म्हणाले, मला नको सांगूस. माझ्या मलकापूरच्या मैत्रिणीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "आसं वागून चालतंय व्हय? कुणीतरी ऐकाय पायजेच की." बरोबर आहे तिचं. पण मला अजून ते जमत नाही.

मी भाड्याच्या खोलीत एकटी राहते. आप्पांच्या नंबराला तीच जुनी घंटी ठेवली आहे, आवाज पूर्ण वाढवून. रविवारी आईचा फोन येतो. इकडचं तिकडचं झालं की ती म्हणते, "तुजं आप्पा इचारत्यात, फोन केला तर चालंल काय म्हून."

"चालेल की, आई. आत्ता करू दे. त्यांना दे बघू इकडं."

"न्हाय न्हाय, त्ये करत्यात मागनं."

मी फोन ओट्यावर ठेवते आणि स्वयंपाकाला लागते. भाकरी होतात, आमटीला उकळी येते. घंटी वाजत नाही. शेवटी हात पुसून मीच फोन लावते. आप्पा उचलतात. मोटर बंद असते, सगळी बसलेली नसतात, नुसता त्यांचा श्वास ऐकू येतो. मी 'आप्पा' म्हणायच्या आतच ते घाईघाईनं, हळू आवाजात म्हणतात, "घाबरू नगं, आईला देतो हं."